टाकाऊतले धन

मुलांनो, नाशिकहून येवल्याकडे जाताना निफाड ओलांडले, की विंचूर गाव लागते. तेथील बाजार आवारात कांद्याचे लिलाव होतात. वारा सुटला, की कांद्याची पातळ टरफले उडू लागतात. आसपासच्या शिवारात छाटलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या पडलेल्या असतात. दाणे काढून घेतलेली मक्याची कणसेही दिसतात. हे ढीग पाहून तुम्ही काय म्हणाल? कचरा, असेच ना? पण अशा कचऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक माणूस होऊन गेला. त्याची ही हकिकत ऐका.

त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. अमेरिकेतील मिसुरी राज्यात १८६४ च्या सुमारास एका गुलाम आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. बाळ परत मिळाले, आई मात्र कायमची दुरावली. मालक मोझेस कार्व्हर आणि त्यांची पत्नी सुझन यांनी त्या अशक्त मुलाला वाढवले. जॉर्जला झाडाझुडपांचे फार वेड होते. शेजारीपाजारी त्याला आपली आजारी रोपे दाखवत.

शिकण्यासाठी जॉर्जने लहानपणीच घर सोडले. स्वयंपाक करून, लोकांचे कपडे धुऊन त्याने शिक्षण घेतले. एका कॉलेजने प्रवेश दिला. पण मुलगा काळा आहे हे पाहताच दार बंद केले. तरी तो खचला नाही. पुढे आयोवा राज्याच्या कृषी महाविद्यालयातून १८९४ साली तो पदवीधर झाला. १८९६ साली त्याने वरची पदवीही मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बोलावले. ती काळ्या मुलांसाठी काढलेली संस्था होती. तेथे प्रयोगशाळेत साहित्य नव्हते. कार्व्हर विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावर गेले. फुटक्या बाटल्या, जुनी भांडी, तारेचे तुकडे त्यांनी गोळा केले. त्यांतूनच प्रयोगशाळा उभी राहिली. कचऱ्याशी त्यांचे नाते असे जुळले.

आसपासचे शेतकरी फार गरीब होते. वर्षानुवर्षे कापूसच घेतल्याने जमिनी निकस झाल्या होत्या. खत घ्यायला पैसे नव्हते. कार्व्हर यांनी त्यांना रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून खत करायला शिकवले. जमिनीचा कस वाढावा म्हणून चवळी, भुईमूग आणि रताळी लावायला सांगितले. भुईमूग भरपूर पिकू लागला. पण आता दुसरीच अडचण आली. एवढा भुईमूग घेणार कोण? सल्ला ऐकणारा शेतकरी बुडाला, तर दोष कोणाचा?

कार्व्हर प्रयोगशाळेत कामाला लागले. त्यांनी भुईमुगापासून दूध, शाई, रंग असे अनेक पदार्थ तयार केले. टरफलेही फेकली नाहीत. त्यांपासून भिंतीचे तक्ते बनवले. रताळ्यापासून पीठ व डिंक काढला. १९२१ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे त्यांना बोलायला दहा मिनिटे मिळाली होती. ऐकणारे इतके रंगले, की समितीने वेळेचे बंधन काढून टाकले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या साऱ्याच वस्तू बाजारात आल्या नाहीत. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे सांगतात, तेही खरे नाही. मग त्यांचे मोठेपण कशात? शेतातली कोणतीही वस्तू निरुपयोगी नसते, हे त्यांनी गरिबांना पटवून दिले. त्याच काळात कारखानेही या वाटेने निघाले होते. ज्या आयोवात कार्व्हर शिकले, तेथेच १९२२ साली ओट या धान्याच्या टरफलांपासून फरफ्युरल नावाचे रसायन काढण्यास सुरुवात झाली. टरफले आम्ल घालून वाफेवर तापवली, की त्यांतल्या साखरेचे हे रसायन बनते. तेल शुद्ध करायला ते उपयोगी पडते. मक्याच्या रिकाम्या कणसांपासूनही ते मिळते.

कार्व्हर यांनी टस्कीगी येथे ४७ वर्षे काम केले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे महाराष्ट्रात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

आता पुन्हा विंचूरला या. कांद्याची टरफले पाण्यात उकळली, तर कापडाला पिवळा-नारिंगी रंग देता येतो. द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या बियांतून तेल निघते. वाइनच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या गाळातून टार्टारिक आम्ल मिळते. मुलांनो, यापुढे एखादा ढीग पेटवताना दिसला, तर क्षणभर थांबा आणि विचार करा, हा खरोखरच कचरा आहे का?