थिओडोर मायनर्ट (१८३३–१८९२)

ड्रेस्डेन येथे जन्मलेले मायनर्ट व्हिएन्नात वाढले व तेथेच मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. मनोविकारांचे मूळ मेंदूच्या रचनेतच शोधावे, हा त्यांचा आग्रह काहीसा एकांगीच होता; संमोहनाच्या प्रश्नावरून शिष्य फ्रॉइड यांच्याशी त्यांचे बिनसले. भाषाभ्यासकांना ते वेर्निके यांचे गुरू म्हणून अधिक जवळचे वाटावेत. अग्रमेंदूच्या तळाशी त्यांना मोठ्या चेतापेशींचा एक समूह आढळला. कोलिकर यांनी त्याला मायनर्ट यांचे नाव दिले. या पेशी मेंदूच्या बाह्यकाला ॲसिटिलकोलीन पुरवतात. अवधान व स्मरण यांसाठी ते आवश्यक असते, याची मायनर्ट यांना कल्पनाही नव्हती. अल्झायमरच्या रुग्णांत याच पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या असतात, हे १९८०च्या दशकारंभी दिसून आले.