बार्शीचा बुलंद आवाज : शाहीर अमर शेख

आषाढात माउलींची पालखी आमच्या वेळापूरला मुक्कामाला येते. त्या रात्री वारकऱ्यांसाठी भाकरी थापता थापता माझी आई ओव्या म्हणते. एरवी ती लोकांच्या रानात खुरपायला जाते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मित्रांनी मला घरचे एखादे गाणे म्हणण्याचा आग्रह केला. मी नकार दिला. आमच्या घरचे गाणे म्हणजे जात्यावरचे आणि खुरपणीचे. ते सभागृहात म्हणायची मला लाज वाटली.

पुढे सुट्टीत शाहीर अमर शेख यांचे चरित्र वाचले आणि त्या लाजेचीच लाज वाटू लागली.

वेळापूर आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, तर बार्शी ईशान्येला. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला. घरी पैशाची ददात होती. पण आई मुनेरबी हिच्या ओठी लोकगीतांचे भांडार होते. मेहबूबला वारसा मिळाला तो एवढाच! पोटासाठी त्याने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीतही राबला. कामगारांच्या संपात पुढे झाला म्हणून विसापूरचा तुरुंग पाहिला. सुटल्यावर तो कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत गेला. तेथेच मेहबूबचा अमर शेख झाला.

दारिद्र्यातूनच कला जन्मते, असे आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. दारिद्र्यानेच कवी घडत असते तर आमच्या दुष्काळी माळशिरस तालुक्यात घरोघरी शाहीर निपजले असते! दुःख माणसाला बहुधा मुके करते. त्या मुक्या दुःखाला कोणीतरी सूर द्यावा लागतो. दूर इंग्लंडात बीटल्स या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा ढोलवादक रिंगो स्टार याचे बालपणही गरिबीत आणि दीर्घ आजारात गेले, शाळा बुडाली. परंतु रुग्णालयात मुलांचा वाद्यवृंद होता, तेथे त्याला तालाची गोडी लागली. मेहबूबला तो सूर आईने दिला.

सुराला सोबतीही मिळाले. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचे अण्णाभाऊ तर लहानपणी कुटुंबासह पायी चालत मुंबईला आलेले. शाळा जेमतेम पाहिलेली. या पथकाचे श्रोते म्हणजे गिरणगावातील कामगार आणि खेड्यांतील शेतकरी. ज्यांचे हाल गायचे, तेच समोर बसलेले! तेथे खोटा सूर लागला असता तर तो क्षणात ओळखला गेला असता.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजाने महाराष्ट्रभर पोचली. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा विरह त्या गाण्यात आहे. तोच विरह पुढे बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राचा झाला. घरादाराची ताटातूट ज्याने जवळून पाहिली, त्यालाच राज्याची ताटातूट अशी गाता येते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने सभाच्या सभा पेटवल्या. आचार्य अत्रे यांना त्यांच्यात रशियाचा कवी मायकोव्हस्की दिसला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात या आवाजाचाही वाटा आहे. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघाताने हा आवाज अकाली थांबला.

मला सर्वात भावते ते हे, की त्यांनी आपल्या हालांचे रडगाणे केले नाही. स्वतःची भूक त्यांनी साऱ्यांच्या भुकेशी जोडली. म्हणून त्यांचे गाणे ऐकणारा हळहळत बसत नसे, उठून उभा राहत असे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी आईची एक ओवी म्हटली. आवाज कापत होता, शेवटी सूरही चुकला. घरी येऊन सांगितले, तेव्हा आई काही बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी रानात निघताना तिने चुकलेली ओळ मला दोनदा म्हणून दाखवली.

— द्वितीय वर्ष कला