अवंतिकाबाई पालिकेत गेल्या, आणि आपण?

आमच्या मुलुंडच्या महिला मंडळात पाण्याचा विषय निघाला की कुणाच्या तरी मिस्टरांना वॉर्ड ऑफिसात पाठवायचं ठरतं. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा कित्येक वर्षं यांनाच पाठवत होते. अवंतिकाबाई गोखल्यांची माहिती वाचली आणि माझी मलाच लाज वाटली.

मैत्रिणींनो, अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ सालचा, इंदूरचा. शाळा नशिबी नव्हती. लहानपणीच लग्न झालं. पती बबनराव यांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे त्यांनी परिचारिकेचं शिक्षणही घेतलं.

१९१७ साली गांधीजींनी बोलावलं आणि हे जोडपं थेट बिहारमधल्या चंपारणला गेलं. तिथे बडहरवा गावात त्यांनी शाळा चालवली. मुलांना अक्षरांपेक्षा आधी स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा, असं गांधीजींचं सांगणं होतं. म्हणजे बघा, बाई घरात रोज जे करते तेच गावासाठी करायचं!

परत आल्यावर १९१८ साली त्यांनी गांधीजींचं चरित्र मराठीत लिहिलं. त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज सुरू केला. १९२३ मध्ये त्या मुंबई महापालिकेत गेल्या. बायकांसाठी ते दार नुकतंच उघडलं होतं. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवासही सोसला. १९४९ साली त्या गेल्या.

आपली उपनगरं तेव्हा महापालिकेत नव्हतीच. अंधेरी, घाटकोपर आले १९५० साली, मुलुंड आणि बोरिवली १९५७ साली.

आता तर महाराष्ट्रात पालिकांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी बाई निवडून येते आणि कारभार तिचे मिस्टर बघतात, असं गावोगाव ऐकू येतं. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बसायचं कुणी, हे आपल्यालाच ठरवायला हवं ना?

गेल्या महिन्यात आम्ही चौघीजणी स्वतः अर्ज घेऊन गेलो. सही करताना माझा हात थरथरत होता. साहेबांनी आधी मागे बघितलं, बरोबर कुणी पुरुष आहे का म्हणून. कुणीच नव्हतं. मग त्यांनी आम्हालाच बसायला सांगितलं.

पाणी अजून पुरेसं येत नाही. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी सासूबाईसुद्धा येते म्हणतात.