हबश देशाचा गायक : संत यारेद



पडेगावहून मिटमिटा, दौलताबाद करीत घाट चढून आपण खुल्ताबादला जातो, तिथे मलिक अंबरची कबर आहे. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले. पुढे त्याचे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. हा मलिक अंबर हबशी होता, म्हणजे आफ्रिकेतल्या हबश देशाचा, आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनेत आला. आपल्या शहराचा पाया घालणारा माणूस कुठला, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याच्या हजार वर्षे आधी त्याच देशाने जगाला एक थोर ख्रिस्ती गायक दिला, त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. तो म्हणजे संत यारेद.

इथिओपियात ख्रिस्ती श्रद्धा चौथ्या शतकातच पोहोचली होती. तिथले पहिले बिशप संत फ्रुमेंतियस. त्यांना अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियस यांनी दीक्षा दिली. यारेदचा जन्म त्यानंतरचा, परंपरेप्रमाणे इ. स. ५०५ चा, अक्सुम या राजधानीतला. वडील लवकर वारले. आईने त्याला गेदेओन नावाच्या नातलगाकडे शिकायला ठेवले. हे गेदेओन अक्सुमच्या पवित्र मरियेच्या मंदिरातले धर्मगुरू होते. स्तोत्रसंहिता पाठ करायची होती, पण पोराच्या डोक्यात काही शिरेना. बरोबरीची मुले पुढे गेली. गुरुजी रागावले, त्यांनी मारलेही. शेवटी यारेद पळून गेला.

संतचरित्रे वाचताना माझी नेहमी एक तक्रार असते. बहुतेक संत पाळण्यातूनच हुशार आणि पवित्र असतात. हा तसा नव्हता, म्हणून तो मला जवळचा वाटतो.

वाटेत पाऊस लागला म्हणून तो एका झाडाखाली बसला. समोर खोडावर एक सुरवंट चढत होता. थोडा वर जाई आणि खाली पडे. असे सहा वेळा झाले. सातव्या खेपेला तो वर पोहोचला आणि पाने खाऊ लागला. आपल्याकडे शेवग्यावर असे सुरवंट आपण दर पावसाळ्यात पाहतो आणि झाडून टाकतो. यारेद मात्र ते पाहून रडला, उठला, माघारी गेला आणि गुरूंची क्षमा मागून पुन्हा शिकायला बसला. मग स्तोत्रसंहिता तर त्याला आलीच, पण सगळे पवित्र शास्त्रही आले. लहान वयातच त्याला उपयाजक करण्यात आले.

त्या काळी तिथल्या मंदिरात प्रार्थना हळू आवाजात, चालीशिवाय म्हटल्या जात. परंपरा सांगते की स्वर्गातून तीन पक्षी आले, ते यारेदशी त्याच्याच भाषेत बोलले आणि त्याला वर घेऊन गेले. तिथे प्रकटीकरणाच्या ग्रंथातले चोवीस वडीलजन गात होते. ती चाल ऐकून तो खाली आला आणि अक्सुमच्या मंदिरात मोठ्या आवाजात गाऊ लागला. राजा, राणी, बिशप, धर्मगुरू सगळे धावत आले आणि दिवसभर ऐकत उभे राहिले.

त्याच्या गायनाच्या तीन रीती आहेत. गीझ साध्या दिवसांसाठी, इझल उपवासकाळासाठी आणि अराराय मोठ्या सणांसाठी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची ती खूण मानतात. वर्षभराच्या गीतांच्या ग्रंथाला देग्वा म्हणतात. ख्रिस्तप्रसादानंतर म्हणायची आणि मृतांसाठी म्हणायची गीते वेगळ्या ग्रंथांत आहेत. देग्वातले प्रत्येक गीत यारेदचे नाही, मागाहून अनेकांनी भर घातली असे अभ्यासक सांगतात. नामदेवांच्या गाथेचेही तसेच झाले आहे.

एकदा राजा गेब्रे मेस्केल भाला टेकून यारेदचे गाणे ऐकत होता. ऐकता ऐकता भाल्याचे टोक यारेदच्या पायात रुतले. राजाला कळले नाही आणि गाणाऱ्यालाही कळले नाही. गाणे संपल्यावर दोघांनी रक्त पाहिले. राजाला फार वाईट वाटले. हवे ते माग, मी देईन, असे त्याने शपथेवर सांगितले. यारेदने सोने मागितले नाही, जमीन मागितली नाही. त्याने दरबार सोडून एकांतात जाण्याची परवानगी मागितली. राजाला तेच नको होते, पण शब्द गेला होता. जाण्यापूर्वी यारेद मरियेच्या मंदिरात गेला आणि तिची स्तुती गायला. ते गीत ‘प्रकाशाचे द्वार’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. मग तो सिमियनच्या थंड, उंच डोंगरांत गेला. तिथे त्याने उपवास, प्रार्थना केली आणि शिष्यांना गाणे शिकवले. तिथेच ५७१ साली तो प्रभूघरी गेला असे मानतात. १९ मे रोजी त्याचा सण असतो.

आजही इथिओपियात गायक दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टाळासारखे वाद्य, मधे मोठा ढोल, आणि सगळे मिळून डुलतात. ढोलाभोवतीचे चामडी पट्टे प्रभूला मारलेल्या फटक्यांची आठवण म्हणून असतात. पैठणच्या वाटेवर वारकऱ्यांची पावली पाहिलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही. इथिओपियातील कॅथलिक बांधवही याच विधीने उपासना करतात.

आपल्या आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सा ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली, त्यानंतर मराठी मिस्सा आली. ओवीची, भजनाची चाल देवळात नको, ती गावंढळ वाटते, असे म्हणणारे अजूनही भेटतात. अक्सुमच्या लोकांनी मात्र सहाव्या शतकातच आपल्या गीझ भाषेत, आपल्या सुरात देवाला हाक मारली होती.

ही गाणी जवळजवळ हजार वर्षे केवळ तोंडपाठ चालत आली. सोळाव्या शतकात दोन विद्वानांनी अक्षरांवर स्वरांच्या खुणा लिहिण्याची रीत बसवली. तरीही शिकणे गुरूच्या तोंडूनच होते. खेड्यापाड्यांतली मुले घर सोडून गुरूकडे जातात, दारोदार भाकर मागून खातात आणि देग्वा शिकण्यात वर्षेच्या वर्षे घालवतात.