जॉर्ज ग्रीन
जॉर्ज ग्रीन (१७९३ – ३१ मे १८४१) हे इंग्लंडमधील गणितज्ञ होते. नॉटिंगहॅमच्या एका पाववाल्याचे पुत्र असलेल्या ग्रीन यांचे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभर झाले. पुढे ते वडिलांच्या पवनचक्कीत राबत असत. गणित ते स्वतःच शिकले.

१८२८ मध्ये त्यांनी वीज व चुंबकत्व यांच्या गणितावरील निबंध वर्गणीदार जमवून प्रसिद्ध केला. प्रत्येक बिंदूपाशी बलाची दिशा व परिमाण वेगवेगळे शोधण्याऐवजी दिशा नसलेली एकच राशी घ्यावी. ती ज्या दराने घटते, त्यावरून त्या दिशेतील बल मिळते, अशी त्यांची मांडणी होती. ही राशी लाप्लास व प्वासाँ यांनीही वापरली होती. तिला ‘विभव’ हे नाव ग्रीन यांनी दिले. आजच्या भाषेत, विभव जिकडे सर्वांत वेगाने उतरतो, ती विद्युत क्षेत्राची दिशा होय. स्थिर विद्युतभार असलेल्या वाहकाच्या आत क्षेत्र शून्य असते, ते विभव तेथे सर्वत्र सारखा असतो म्हणून. तो स्वतः शून्य असेलच असे नाही.

निबंधाचे वर्गणीदार अवघे ५१ होते, आणि त्यांतील फारच थोड्यांना तो समजला असावा. चाळिशीत ग्रीन केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले व १८३९ मध्ये तेथेच फेलो झाले. १८४५ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांना निबंधाची प्रत मिळाली आणि त्यांनी तो जर्मनीतील क्रेले यांच्या नियतकालिकात पुन्हा छापवून घेतला. तेव्हा ग्रीन हयात नव्हते.