डोळ्यांची वेदना हरणारे कार्ल कोलर

पूर्वी डोळ्यांची शस्त्रक्रिया म्हणजे दिव्यच! शुद्धीतल्या रुग्णाला घट्ट धरावे लागे. ईथरने बेशुद्ध केल्यास नंतरच्या ओकाऱ्यांनी जखम उघडण्याची भीती. १८५७ साली बोहेमियात जन्मलेल्या कार्ल कोलर यांनी यावर उपाय शोधला. कोकेनने जीभ बधिर होते, हे व्हिएन्नातील या तरुण डॉक्टरने हेरले. ते द्रावण आधी बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात घालून टाचणी टेकवली. वेदना नाही! सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेस जाण्यास पैसे नव्हते; निबंध दुसऱ्याने वाचला. १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. १९४४ मध्ये निधन पावले. पुढे कोकेनऐवजी अधिक सुरक्षित औषधे आली. आज पापणीवर शस्त्र चालताना रुग्ण जागा राहून डॉक्टरांशी बोलतो, त्याची भीती ओसरते. पालकहो, खिसा रिकामा होता, जिज्ञासा नव्हे!