राजा भोजाचे बीज आणि मामांच्या गाडीचा काटा

राजा भोज आपणां सर्वांना प्रथम भेटतो तो म्हणीत. मला तो नीट भेटला तो गेल्या दिवाळीच्या सुटीत, इंदूर ते धार ह्या रस्त्यावर, आणि तोही एका लहानशा अपघातामुळे.

माझे मामा देवासला राहतात. त्यांची जुनी मोटारसायकल घेऊन आम्ही दोघे धारला निघालो होतो. गाडी मी चालवीत होतो, मामा मागे बसले होते. त्यांची अट एकच होती. काटा पन्नासच्या वर जाता कामा नये. मी ती काटेकोरपणे पाळली. बेटम्याच्या अलीकडे एक शाळकरी मुलगा सायकलसह अचानक आडवा आला. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरत गेली आणि त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. मुलगा रडू लागला. माझे हात कापत होते. मामा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की वेग जास्त होता. मी म्हणालो की काटा पन्नासवरच होता. वाचकहो, आम्ही दोघेही खरेच बोलत होतो.

तसेच मनात अवघडून आम्ही धारला पोहोचलो. लाट मशिदीपाशी तो प्रसिद्ध लोहस्तंभ तीन तुकड्यांत ठेवलेला आहे. तिन्ही मिळून लांबी सुमारे १३ मीटर भरते. परंपरा त्याचा संबंध भोजाशी जोडते. तेथे एका दगडावर बसून मामांनी मला भोजाचे चरित्र सांगितले. मामा निवृत्त इतिहासशिक्षक. सांगताना ते दर थोड्या वेळाने एकच बजावीत होते, की हा आकडा कोणी सांगितला ते आधी पाहा.

भोज परमार घराण्यातला. सिंधुराज त्याचा पिता आणि वाक्पती मुंज चुलता. मुंजाला चालुक्य राजा तैलप ह्याने कैद करून ठार केले. हेच चालुक्य पुढे कल्याणीचे म्हणून ओळखले गेले, आणि ती कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. म्हणजे आपल्या ह्या अंकाच्या कानडी विभागातील मित्रांचा आणि भोजाचा संबंध असा वैराचा आहे! भोज इ. स. १०१० च्या सुमारास गादीवर आला. धारानगरी त्याची राजधानी. कोकणच्या विजयाप्रीत्यर्थ त्याने १०२० मध्ये दिलेल्या दानाचा एक ताम्रपट ज्या बेटम्याला सापडला, त्याच बेटम्याजवळ आमची गाडी घसरली होती. १०३० च्या सुमारास भारताविषयी लिहिणाऱ्या अल् बेरुनीनेही धारचा आणि तेथे राज्य करणाऱ्या भोजाचा उल्लेख केला आहे.

पुढे चालुक्य सोमेश्वर पहिला ह्याने धारेवर स्वारी करून नगरी लुटली. कल्याणीचा दरबारी कवी बिल्हण सांगतो की भोज पळून गेला. दरबारी कवी आपल्या धन्याचा काटा थोडा वरच दाखवणार, हे धरून चालावे. पण लूट झाली ह्याबद्दल शंका नाही. भोज परत आला आणि त्याने राज्य पुन्हा सावरले. शेवटी १०५५ च्या सुमारास गुजरातचा भीम आणि कलचुरी कर्ण असे दोघे एकाच वेळी चालून आले असता त्याचा अंत झाला. नवल असे, की त्याचा वारस जयसिंह ह्याला गादी परत मिळवून देण्यास त्याच सोमेश्वराने साह्य केले.

आता आकडा पाहा. दंतकथा सांगते की भोजाने पंचावन्न वर्षे, सात महिने आणि तीन दिवस राज्य केले. पण ताम्रपट पाहिले तर १०१० ते १०५५, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास वर्षे होतात. तीन दिवसांपर्यंत नेमका सांगितलेला आकडा दहा वर्षांनी चुकलेला! नेमकेपणा वेगळा आणि अचूकपणा वेगळा, हे मला तेव्हा पटले. कालिदासाची गोष्टही तशीच. सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या भोजप्रबंधात कालिदास भोजाच्या सभेत बसतो. प्रत्यक्षात तो भोजाच्या कितीतरी शतके आधी होऊन गेला.

पण दंतकथा बाजूला केल्या म्हणून भोज लहान होत नाही. व्याकरण, काव्यशास्त्र, योग, शिल्प अशा कितीतरी विषयांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. भोपाळजवळ भोजपूरला त्याचे अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे, आणि तेथल्या खडकांवर मंदिराचे आराखडे रेषांनी कोरलेले आजही दिसतात. समरांगणसूत्रधार ह्या त्याच्या शिल्पग्रंथात यंत्रांचा अध्याय आहे. त्यावरून विमाने होती असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्याच ग्रंथातला मापाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. चोवीस अंगुळांचा एक हात, हे खरे. पण अंगुळ आठ जवांचे, सात जवांचे की सहा जवांचे, ह्यावरून हात तीन प्रकारचे होतात. म्हणजे नुसते इतके हात म्हणून भागत नाही, कोणता हात ते सांगावे लागते.

सर्वांत महत्त्वाचा मला वाटला तो राजमृगांक. हा ज्योतिषगणिताचा करणग्रंथ शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२ चा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र ह्या १८९६ च्या मराठी ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये सिद्धांत लिहिला. चारशेहून अधिक वर्षांत त्याच्या गणितातली लहान चूक साठत गेली, आणि गणिताने काढलेला ग्रह आकाशातल्या ग्रहाशी जुळेना. अशा वेळी भोजाने, किंवा त्याच्या पदरच्या ज्योतिष्यांनी, ब्रह्मगुप्ताला टाकून दिले नाही आणि आकाशाकडे डोळेझाकही केली नाही. मूळ गणित ठेवून त्यावर दुरुस्तीचे आकडे दिले. ह्या दुरुस्तीलाच बीज म्हणतात.

मामा येथे थांबले आणि म्हणाले की उद्या आपण गाडीचे बीज काढू.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मी काटा पन्नासवर स्थिर ठेवला आणि मामांनी मागे बसून घड्याळात पाच किलोमीटरचे दगड मोजले. पन्नासच्या वेगाने ३६० सेकंद लागावयास हवे होते. लागले ३२५. म्हणजे खरा वेग ५५ च्या किंचित वर. मग दहा दगडांचे अंतर मीटरच्या आकड्यांवर पाहिले, तर ते ९.६ किलोमीटरच भरले.

ह्या दोन मापांतून दोन दोष वेगळे झाले. मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे कारखान्यात गृहीत धरलेले असते. मामांनी पुढे मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला होता. फेरे कमी झाले, म्हणून अंतर आणि वेग दोन्ही चार टक्के कमी दिसू लागले. भोजाच्या भाषेत, हात बदलला पण आकडा तोच राहिला. उरलेली सहा टक्क्यांची चूक मीटरच्या पोटात होती. जुन्या मीटरमध्ये चाकाकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, पण त्याच्या फिरण्याने वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होऊन ती ओढली जाते, आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जुना होऊन क्षीण झाला की काटा कमी दाखवतो. स्प्रिंग ढिली झाली तर जास्त दाखवतो. अंतराचे आकडे मात्र दातेरी चाकांवर चालतात, त्यांना चुंबकाशी कर्तव्य नाही.

पन्नास आणि पंचावन्न ह्यांत फरक तो केवढा, असे कोणी म्हणेल. पण ब्रेक दाबल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आमचे ते अंतर जवळजवळ पाव हिश्श्याने वाढले होते. त्या मुलाचे आणि आमचे दैव त्या हातभर जागेत होते.

नव्या गाड्यांचा काटा बहुधा उलट बाजूला, म्हणजे जास्त दाखवण्याकडे चुकतो, आणि ते मुद्दाम असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मोटारीचा काटा खऱ्या वेगाच्या खाली कधीच असता कामा नये. वर असला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि आणखी ४ किलोमीटर, इथपर्यंत चालतो. म्हणजे खरा वेग ६० असताना काट्याने ७० दाखवले तरी ते नियमात बसते. टायर झिजला किंवा हवा कमी झाली तर काटा आणखी थोडा वर जातो. नव्या आकड्यांच्या मीटरलाही ही टायरची चूक सुटत नाही. विशेष असे, की भोजाच्या ह्याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला, वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार वेगमार्गिका २०२१ मध्ये सुरू झाली आहे.

आपल्याला तेथे जाण्याचे कारण नाही. टायर मूळ मापाचाच घालावा आणि हवा नेमाने तपासावी. काटा थरथरत असेल तर केबल पाहावी. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवून, मागे बसलेल्याने दगड आणि घड्याळ पाहावे, किंवा मोबाइलमधील उपग्रहाच्या साह्याने दिसणारा वेग पाहावा. चालवणाऱ्याने दोन्हीकडे पाहण्याच्या भरीस पडू नये. एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागले की खरा वेग मिळतो. आणि काटा जास्त दाखवतो असे कळले, म्हणून तेवढा वेग वाढवू नये.

देवासला परतल्यावर मामांनी पेट्रोलच्या टाकीवर एक चिठ्ठी चिकटवली. काटा ४५ म्हणजे खरे ५०, एवढेच तिच्यावर होते. पुढच्या महिन्यात त्यांनी टायर बदलला आणि मीटर दुरुस्त करून घेतले. चिठ्ठी मात्र काढली नाही. तिच्याखाली त्यांनी तपासणीची तारीख लिहिली आहे आणि पुढच्या तारखेसाठी जागा मोकळी ठेवली आहे.